सरकवलेला दगड आणि न हलणारी भिंत

बांध कोरणं म्हणजे काय, हे शेतीशी नातं असलेल्या मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. नांगरताना दरवर्षी वीतभर आत घुसायचं. शेजारी म्हातारा असेल, विधवा असेल, पोरं मुंबईला असतील, तर थोडं जास्तच. पाच-सात वर्षांत बांधाची जागाच बदलते आणि खुणेचा दगड आपोआप चालत गेल्यासारखा पलीकडे दिसतो. विदर्भात याला धुरा म्हणा, कोकणात गडगा म्हणा, भांडण एकच. मोजणी आणायला पैसे लागतात, वेळ लागतो, आणि मोजणीवाले आले तरी त्यांना चहा कोण पाजतो यावर गावात चर्चा होते.

बायबलमध्ये या दगडाला एक स्वतंत्र शाप राखून ठेवलेला आहे. अनुवाद या पुस्तकाच्या 27व्या अध्यायात एबाल डोंगरावरून बारा शाप उच्चारायचे आहेत आणि प्रत्येक शापानंतर सगळ्या लोकांनी आमेन म्हणायचं आहे. पहिला शाप गुपचूप मूर्ती ठेवणाऱ्याला, दुसरा आईबापांचा अवमान करणाऱ्याला आणि तिसरा शेजाऱ्याच्या शेताची मेर, म्हणजे हद्दीची खूण, सरकवणाऱ्याला. त्याच्यापुढे आंधळ्याला वाट चुकवणारा, मग परका, अनाथ आणि विधवा यांचा न्याय बिघडवणारा. ही यादी नीट पाहिली की कळतं, यातले बहुतेक गुन्हे साक्षीदार नसताना होतात. ज्याचं वाटोळं होतं त्याला तर ते दिसतही नाही किंवा दिसलं तरी त्याचं कुणी ऐकत नाही. म्हणून सगळ्या समाजाकडून मोठ्याने आमेन वदवून घ्यायचं.

मी चर्चमध्ये लहानाचा मोठा झालो. या शापावर प्रवचन ऐकल्याचं मला आठवत नाही. भिंतींवर मात्र भरपूर ऐकलं. येशूने सगळ्या भिंती पाडल्या, असं ऐकलं. देवानेच माणसांच्या सीमा आखून दिल्या आहेत, असंही ऐकलं, जरा दबक्या आवाजात, बहुतेक वेळा लग्नाची बोलणी चालू असताना.

जगाच्या राजकारणात हेच दोन आवाज मोठे होऊन ऐकू येतात. फेब्रुवारी 2016 मध्ये मेक्सिकोहून परतताना विमानात पोप फ्रान्सिस म्हणाले, की जो फक्त भिंती बांधण्याचा विचार करतो आणि पूल बांधत नाही तो ख्रिस्ती नव्हे. त्यानंतर वर्षभराच्या आत, 20 जानेवारी 2017 रोजी, डोनाल्ड ट्रम्प यांच्या शपथविधीच्या सकाळी वॉशिंग्टनमधल्या प्रार्थनासभेत डॅलसचे पाद्री रॉबर्ट जेफ्रेस यांनी नहेम्याचा दाखला दिला: देव भिंतीच्या विरोधात नाही, त्यानेच नहेम्याला यरुशलेमचा तट बांधायला लावला. दोघांच्या हातात बायबल एकच.

माझं म्हणणं असं आहे, की भिंत हवी की नको हा प्रश्नच शास्त्राला परका आहे. शास्त्रात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, जमिनीवरचा दगड. तो हलवायचा नाही, कारण तो दुबळ्याचा एकमेव कागद आहे. दुसरी, माणसामाणसांतली भिंत. ती मात्र त्याच शास्त्रात हळूहळू खचत जाते आणि शेवटी पडते. ख्रिस्ती म्हणवणाऱ्या समाजांनी इतिहासात नेमकं उलटं केलं: दगड खुशाल सरकवले आणि भिंती पक्क्या केल्या.

आधी दगडाचं पाहू. सातबारा नसलेल्या काळात चार दगड हाच उतारा होता. नीतिसूत्रे 23:10-11 मध्ये प्राचीन मेर सरकवू नको, अनाथांच्या शेतात शिरू नको, असं सांगून कारण दिलंय: त्यांचा कैवारी समर्थ आहे, तो तुझ्याशी त्यांचा वाद चालवील. म्हणजे अनाथाला वकील नाही, पण वकीलपत्र देवाने घेतलंय. ईयोबाच्या 24व्या अध्यायात दुष्टांचं वर्णन सुरू होतं तेच मेरा सरकवणाऱ्यांपासून. त्यापुढे अनाथाचं गाढव हाकलून नेणारे आणि विधवेचा बैल गहाण ठेवून घेणारे. सगळं एका मालिकेत. होशेय हा संदेष्टा तर थेट राज्यकर्त्यांवर येतो. यहूदाचे सरदार मेर सरकवणाऱ्यांसारखे झालेत, असं तो 5:10 मध्ये म्हणतो. आपल्याकडे याला कुंपणच शेत खातं असं म्हणतात. होशेयला ही म्हण मिळाली असती तर त्याने एक ओळ वाचवली असती.

या विषयावरची सगळ्यात सविस्तर गोष्ट राजांच्या पहिल्या पुस्तकात, 21व्या अध्यायात आहे. इज्रेल गावात नाबोथाचा द्राक्षमळा अहाब राजाच्या वाड्याला लागून. राजाला तिथे भाजीचा मळा करायचाय. तो वाईट बोलत नाही. बदल्यात याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख किंमत देतो म्हणतो. आजच्या भाषेत रास्त मोबदला. नाबोथ म्हणतो, वाडवडिलांचं वतन मी देणार नाही. (वतन हा मराठी बायबलचा शब्द. आपल्याकडे त्याला केवढा इतिहास चिकटलाय, म्हणून तो वाचताना मी दर वेळी अडखळतो.) मग राणी ईजबेल सूत्रं हातात घेते आणि सगळं कायद्याने करते. राजाची मोहर लावून पत्रं जातात, उपास जाहीर होतो, दोन साक्षीदार बसवले जातात, नाबोथाने देवाची आणि राजाची निंदा केली असा आरोप ठरतो, आणि त्याला गावाबाहेर नेऊन दगडमार होते. अहाब ताबा घ्यायला जातो तेव्हा तिथे संदेष्टा एलीया उभा: खून केलास आणि वर ताबाही घेतलास का?

या गोष्टीत मला सगळ्यात भेदक वाटतो तो उपास. धार्मिक विधीशिवाय हा दगड हलत नव्हता.

यशयाच्या 5व्या अध्यायात द्राक्षमळ्याचं प्रसिद्ध गीत आहे. मित्राने मळा लावला, दगड वेचले, मधे बुरूज बांधला, पण आंबट द्राक्षं आली. मग तो म्हणतो, मी याचं कुंपण काढून टाकतो, गुरं चरू देत. प्रवचनं साधारण इथे थांबतात आणि श्रोत्यांनी चांगलं फळ द्यावं असा उपदेश होतो. पण आंबट फळ म्हणजे काय ते पुढच्याच ओळींत आहे. देवाने ‘मिश्पात’, म्हणजे न्याय, शोधला तर ‘मिस्पाख’, म्हणजे रक्तपात, दिसला. ‘त्सदाका’, म्हणजे नीती, शोधली तर ‘त्सआका’, म्हणजे आक्रोश, ऐकू आला. हिब्रूत हे शब्द कानाला जवळजवळ सारखे लागतात, एका अक्षराने सगळं उलटतं. आणि त्याच्या लगेच नंतर, आठव्या वचनात: घराला घर आणि शेताला शेत जोडत सुटणाऱ्यांना हाय हाय! जागाच उरली नाही, देशात तुम्ही एकटेच राहता. मळ्याचं कुंपण का गेलं याचं उत्तर तीन वचनांच्या अंतरावर आहे. ज्यांनी इतरांचे बांध मोडले त्यांच्या मळ्याचं कुंपण राहत नाही.

कुंपणाची आणखी एक जात शास्त्रात आहे आणि ती मला फार आवडते. अनुवाद 22:8: नवीन घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर, नाहीतर कुणी पडला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. आपल्याकडच्या धाब्याच्या घरांवर उन्हाळ्यात वर झोपलेल्यांना हे वचन लगेच समजेल. हा कठडा चोराला अडवायला नाही. वर आलेला पाहुणा खाली पडू नये म्हणून आहे. लेवीय 19:9 मध्ये तर शेताच्या कडेची कापणीच मालकाने करायची नाही. बांधालगतचं पीक गरिबाचं आणि परक्याचं. मेर हलवायची नाही, पण मेरेजवळचा पट्टा ज्याला शेत नाही त्याच्यासाठी उभा ठेवायचा. रूथ ही परकी विधवा बवाजाच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीनंतर मागे राहिलेली कणसं, वेचते ती याच हक्काने, कुणाच्या मेहेरबानीने नव्हे. सीमा आणि औदार्य एकमेकांच्या विरोधात असतात, हे आपण कुठून शिकलो कुणास ठाऊक.

इथे प्रामाणिक वाचक मला अडवील आणि त्याने अडवावंच. हे सगळे दगड मुळात कुणाच्या जमिनीवर रोवले गेले? यहोशवाच्या पुस्तकात 13व्या अध्यायापासून वंशावंशाच्या सीमांचे लांबलचक तपशील आहेत. गाव, ओढा, डोंगर, पुन्हा गाव. वाचताना फेरफार वहीच चाळतोय असं वाटतं. पण ती वही आधीपासून तिथे राहणाऱ्या कनानी लोकांच्या जिंकलेल्या गावांवर लिहिली आहे. याला गुळगुळीत उत्तर नाही आणि जे देतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही. मी एवढंच म्हणू शकतो, की त्याच शास्त्राने विजेत्यालाही मालक होऊ दिलं नाही. लेवीय 25:23: जमीन कायमची विकायची नाही, कारण जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याजवळ उपरे आणि प्रवासी आहात. दगड शेजाऱ्यासमोर पक्का, देवासमोर तात्पुरता. कनान्यांचं समाधान यातून होत नाही, हे मला कळतं.

दुसरी अडचण नहेम्याची. जेफ्रेस यांनी त्याच्या तटाचा दाखला दिला, तो खोटा नाही. 52 दिवसांत यरुशलेमचा तट उभा राहिला. पण त्या पुस्तकाचा 5वा अध्याय वाचा. काम ऐन रंगात असताना बायाबापड्या ओरडत येतात. शत्रूविरुद्ध नाही, आपल्याच यहूदी भाऊबंदांविरुद्ध. दुष्काळात धान्यासाठी शेतं, मळे, घरं गहाण पडली. राजाचा कर भरायला कर्ज काढलं. मुली दास्यात गेल्या. नहेम्या संतापतो, सभा बोलावतो, शेतं, मळे, घरं आजच्या आज परत करा आणि व्याजही सोडा असं सांगतो, आणि अंगरखा झटकून दाखवतो की जो शब्द पाळणार नाही त्याला देव असाच झटकून टाको. तटाची कथा अर्ध्यावर असताना मधेच कर्जमाफीचा अख्खा अध्याय. भिंतीच्या बाजूने नहेम्या हवा असेल तर हा अध्यायही घ्यावा लागेल.

आणि नहेम्याविरुद्धही नहेम्याच घ्यावा लागेल. शेवटच्या अध्यायात तो परक्या बायका केलेल्या पुरुषांना मारतो, त्यांचे केस उपटतो. एज्रा तर अशा बायकांना मुलांसकट पाठवून देतो. अनुवाद 23:3 प्रमाणे मवाबी माणसाने दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत यायचं नाही. आणि मग रूथ येते. मवाबी, विधवा, सरवा वेचणारी. त्या पुस्तकाच्या शेवटी चार ओळींची वंशावळ आहे आणि तिच्यात दावीद राजा तिचा पणतू निघतो. शास्त्रातलं एक पुस्तक दुसऱ्याशी इतक्या शांतपणे भांडताना मी दुसरीकडे फारसं पाहिलेलं नाही. दगडाच्या बाबतीत शास्त्राचं मत सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच आहे. माणसांमधल्या भिंतीबद्दल मात्र ते स्वतःशीच वाद घालतं आणि वादाचा कल कुठे जातो ते दिसत राहतं.

हा वाद एका प्रत्यक्ष भिंतीपाशी पोहोचतो. येशूच्या काळातल्या यरुशलेमच्या मंदिरात परराष्ट्रीयांचं, म्हणजे यहूदी नसलेल्यांचं, बाहेरचं अंगण होतं आणि आतल्या अंगणांभोवती दगडी कठडा. पहिल्या शतकातला यहूदी इतिहासकार योसेफस त्याची उंची तीन हात सांगतो. त्यावर मधूनमधून पाट्या होत्या. 1871 मध्ये शार्ल क्लेर्मों-गानो या फ्रेंच संशोधकाला त्यातली एक अखंड सापडली. ती आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. ग्रीकमध्ये लिहिलंय, की कुणाही परक्याने कठड्याच्या आत येऊ नये, जो सापडेल तो स्वतःच्या मरणाला स्वतः जबाबदार राहील. प्रेषितांची कृत्ये 21 मध्ये प्रेषित पौलावर जमाव तुटून पडतो तो याच पाटीमुळे. त्याने इफिसच्या त्रफिमाला, एका परराष्ट्रीयाला, आत आणलं असा संशय होता. आणि पौलाच्या नावाने इफिसकरांना गेलेल्या पत्रात 2:14 ला काय आहे? ख्रिस्ताने दोघांना एक केलं आणि आड असलेली मधली भिंत पाडली. लिहिणाऱ्याच्या मनात तो तीन हातांचा कठडा होता की नाही यावर विद्वानांचे वाद आहेत. माझ्या मनात मात्र दुसरं काही येत नाही.

पुढच्या काळात चर्चने काय केलं? 1555 मध्ये रोमच्या पोपने फर्मान काढून शहरातल्या ज्यूंना एका वस्तीत कोंडलं. भोवती भिंत घातली, रात्री दरवाजे बंद. यहूदी आणि परराष्ट्रीय यांच्यामधली भिंत पडली असं सांगणाऱ्या प्रेषिताचंच नाव त्या पोपने घेतलं होतं: चौथा पौल.

दक्षिण आफ्रिकेत तर दगड आणि भिंत दोन्ही एकाच हाताने हलवले गेले. 1857 मध्ये तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनडने, म्हणजे महासभेने, ठरवलं, की सर्वांनी एकत्र उपासना करणं हेच शास्त्राला धरून आहे, पण ‘काहींच्या दुर्बलतेमुळे’ वेगळी उपासना चालेल. दुर्बल कोण, तर कृष्णवर्णीयांशेजारी बसायला न धजणारे गोरे. 1881 मध्ये मिश्रवर्णीयांसाठी वेगळं मिशन चर्चच निघालं. 1913 च्या जमीन कायद्याने देशातल्या बहुसंख्य कृष्णवर्णीयांसाठी सुमारे 7 टक्के जमीन ठेवली आणि उरलेल्या भागात त्यांना जमीन घ्यायला बंदी केली. एबाल डोंगरावरच्या तिसऱ्या शापाला आमेन म्हणणारं तेव्हा गोऱ्या चर्चमध्ये फारसं कुणी दिसलं नाही. उलट वर्णभेदाच्या समर्थनाला एक वचन सापडलं, प्रेषितांची कृत्ये 17:26: देवाने राष्ट्रांच्या वस्तीच्या सीमा ठरवल्या. त्याच वचनाची सुरुवात अशी आहे, की एकापासून त्याने माणसांची सगळी राष्ट्रं निर्माण केली. वाचताना अर्धं वचन गिळायचं हे कौशल्य सगळ्या धर्मांच्या पंडितांकडे सारखंच असतं. शेवटी त्याच मिशन चर्चने 1982 मध्ये बेलहार इथे वर्णभेद नाकारणाऱ्या विश्वासाच्या जाहीरनाम्याचा मसुदा मांडला आणि 1986 मध्ये तो स्वीकारला. ‘काहींच्या दुर्बलतेमुळे’ ज्यांना बाहेर बसवलं होतं, त्यांनीच आतल्यांना शास्त्र वाचून दाखवलं.

हे परदेशातलं सांगून मला सुटता येणार नाही. इब्री लोकांस पत्राच्या 13व्या अध्यायात येशूने दुःख सोसलं ती जागा मराठी बायबलमध्ये एका शब्दात आली आहे: वेशीबाहेर. मूळ ग्रीकमध्ये तो नुसता शहराचा दरवाजा आहे. मराठीत वेशीबाहेर म्हटलं की कोण राहतं ते सांगावं लागत नाही. नगर जिल्ह्यात 1831 पासून अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं आणि पुढे जे हजारो लोक ख्रिस्ती झाले त्यांत महार आणि मांग समाजातले फार मोठ्या संख्येने होते. गावकुसाबाहेरच्या माणसाच्या कानावर ते वचन पडलं असेल तेव्हा त्याला भाष्याची गरज लागली नसेल. देव आपल्याच बाजूच्या वस्तीत मेला, एवढं पुरेसं होतं. पुढचं वचन तर म्हणतं, चला, आपणही त्याच्याकडे बाहेर जाऊ. वेशीच्या आत घ्या, अशी विनंती त्यात नाहीच.

आणि तरी तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर भागात कॅथलिक दफनभूमीत भिंत उभी राहिली, दलित ख्रिस्त्यांच्या कबरी बाकीच्यांपासून वेगळ्या ठेवण्यासाठी. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने 2016 मध्ये दलितांच्या सक्षमीकरणाचं धोरण जाहीर करताना चर्चमध्ये जातिभेद आहे हे मान्य केलं. मान्य करणं ही सुरुवात म्हणून ठीक आहे. पण मेलेल्यांच्या भिंतीला कसलं संरक्षण म्हणायचं? तिथे तर कुणाचं पीकही चोरीला जात नाही. आमच्या महाराष्ट्रातल्या मंडळ्यांमध्ये अशी विटांची भिंत नसेल, पण लग्नाच्या जाहिराती वाचा. पूर्वाश्रमीची जात विचारणारी एखादी ओळ सापडतेच. माझ्याच नात्यात एका घरी असं स्थळ मोडलं. दोन्ही कुटुंबं एकाच बाकावर बसून प्रभुभोजन घेणारी.

त्यामुळे भिंतीविरुद्ध बोलणाऱ्या ख्रिस्ती माणसाला मी आधी हे विचारीन, की बांधावर तो कुणाच्या बाजूने उभा राहतो. आदिवासीची जमीन खाणीला जाताना, विधवेचं नाव फेरफारातून गायब होताना, सगळ्या सीमा प्रेमाने पुसल्या गेल्यात असं म्हणणं सोपं असतं. ज्याच्याकडे भरपूर आहे त्याला पुसलेली सीमा नेहमीच परवडते. आणि भिंतीच्या बाजूने बोलणाऱ्याला विचारीन, की कठड्याची कुठली बाजू त्याला ठाऊक आहे. ईयोबाच्या पुस्तकात सैतान देवाला म्हणतो, तू याच्याभोवती कुंपण घातलंस म्हणून हा सुखात आहे. दोनच अध्यायांनंतर, सगळं गमावल्यावर, ईयोब म्हणतो, देवाने मला चहूकडून कोंडून टाकलंय. माणूस तोच, कोंडणारा देव तोच.

जखऱ्याच्या दुसऱ्या अध्यायात एक तरुण हातात मापनसूत्र घेऊन निघतो. कुठे चाललास विचारलं तर म्हणतो, यरुशलेमची लांबी-रुंदी मोजायला. एक देवदूत दुसऱ्याला म्हणतो, धाव, त्या तरुणाला सांग, यरुशलेम तट नसलेल्या गावांसारखं वसेल, एवढी माणसं आणि गुरं त्यात असतील. भोवतालचा अग्नीचा तट मी होईन, असं परमेश्वर म्हणतो. मोजणीदाराला निरोप पाठवून थांबवणारा देव. यहेज्केल मात्र थांबत नाही. तो 47व्या अध्यायात उत्तरेची, पूर्वेची, दक्षिणेची, पश्चिमेची हद्द गावांच्या नावांसकट लिहून काढतो, एखादा जुना भूमापक लिहील तशी. हद्दी पूर्ण झाल्यावर, वाटपाच्या तोंडावर, तो एक कलम घालतो: तुमच्यात राहणारे आणि तुमच्यात ज्यांना मुलं झाली ते उपरे, त्यांनाही चिठ्ठ्या टाकून वतन द्या. ज्या वंशात उपरा राहतो, त्याच वंशात त्याची जमीन.